आभाळ कुणी खाल्लं? थोरल्या दीर्घिकांचा उजेड मोजणारी तीन मोफत साधनं

दीर्घिकासमूहाच्या मधोमध ठाण मांडून बसलेल्या थोरल्या दीर्घिकेचा उजेड मोजायला आज दमडीही लागत नाही. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाची चित्रं फुकट, ती मोजणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी सोर्स एक्स्ट्रॅक्टर फुकट, गॅलफिट फुकट, पायथनवरचं फोटयुटिल्सही फुकट. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण झाकलेलीच असते, तेव्हा हा उद्योग बरा. प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या एमएस्सीच्या मुलांनाही तो परवडतो. जुना लॅपटॉप पुरतो, कारण स्लोनची एक चौकट 2048 बाय 1489 पिक्सेलची, उघडल्यावर जेमतेम 12 एमबी.

गोम वेगळीच आहे. तिन्ही साधनं मूळ सेटिंगवर एकाच चित्रावर चालवली, तर एकाच दीर्घिकेच्या तीन वेगळ्या प्रती हातात येतात. (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त.) प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. आभाळाचा उजेड किती वजा करायचा आणि दीर्घिका कुठे संपली असं मानायचं, या दोन गोष्टी प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलेल्या असतात. म्हणून हे परीक्षण एकाच कसोटीवर आहे: कोणतं साधन आभाळाला तुमच्या परवानगीशिवाय हात लावत नाही.

थोरली कोण आणि किती मोजायची

पहिली फसगत इथेच होते. कन्या समूहाच्या केंद्रात एम 87 आहे, पण उजेडात एम 49 तिच्याहून सरस. कोमा समूहात, म्हणजे एबल 1656 मध्ये (एबल ही समूहांची यादी, एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंची), एनजीसी 4889 आणि एनजीसी 4874 अशा दोघी आहेत. उजेड 4889 चा जास्त. एबल 2199 मधल्या एनजीसी 6166 च्या पोटात एकाहून अधिक गाभे दिसतात. तेव्हा 'केंद्रातली' आणि 'सर्वांत तेजस्वी' यांपैकी काय मोजतोय ते वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावं. मागाहून दुरुस्त करायला गेलं की सगळे तक्ते बदलावे लागतात.

आता 'एकूण उजेड'. साध्या दीर्घिकेला निदान कडेचा आभास तरी असतो. थोरलीचं फिकट वलय पसरत पसरत समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या सुट्या ताऱ्यांच्या प्रकाशात विरून जातं, तिथे वेस आखता येत नाही. त्यामुळे एकूण उजेडाचा नाद सोडून ठरावीक किलोपार्सेक (1 किलोपार्सेक म्हणजे सुमारे 3,260 प्रकाशवर्षं) त्रिज्येच्या वर्तुळातला उजेड मोजणं शहाणपणाचं. पोस्टमन आणि लाउअर यांनी 1995 मध्ये 119 एबल समूहांच्या थोरल्या दीर्घिका अशाच मोजल्या. हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) 70 धरला तर त्यांच्या वर्तुळाची त्रिज्या 14.3 किलोपार्सेक येते. त्या वर्तुळातला उजेड त्रिज्येबरोबर किती वेगाने वाढतो हेही हिशेबात घेतल्यावर त्यांच्या आकड्यांचा विखुरलेपणा 0.24 प्रतीइतका खाली आला. इतक्या अवाढव्य वस्तूंच्या मानाने हे फारच एकसारखं वागणं. या दीर्घिकांना अंतर मोजायच्या प्रमाणदीपांचा मान मिळाला होता तो याच गुणावर.

वर्तुळ लहान घेण्यामागे आणखी एक रोकडं कारण आहे. आकडेमोड करून बघू. आभाळ दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) 21 प्रतीचं धरलं आणि ते वजा करताना 1 टक्का चूक झाली, तर प्रत्येक चौरस आर्कसेकंदावर 26 प्रतीचा खोटा उजेड उरतो. कोमाच्या अंतरावर 1 आर्कसेकंद म्हणजे 0.464 किलोपार्सेक. 14.3 किलोपार्सेकच्या वर्तुळात हा खोटा उजेड जमून 17.3 प्रतीचा होतो. 50 किलोपार्सेकला 14.6 आणि 100 किलोपार्सेकला 13.1. दीर्घिका 11.5 प्रतीची धरा. 50 किलोपार्सेकला चूक सुमारे 6 टक्के, 100 ला जवळपास 23 टक्के, म्हणजे 0.2 प्रत हातची गेली. लहान वर्तुळात ती 1 टक्क्याच्या आसपासच राहते. ज्यांच्या तक्त्यात 100 किलोपार्सेकचा आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेला असतो त्यांना आभाळ कसं मोजलं हे जरूर विचारावं.

तयार यादी: स्लोनची प्रत

स्कायसर्व्हरवर दीर्घिकेचं नाव टाकलं की पेट्रोशियन प्रत (दीर्घिकेच्या उतारावरून ठरवलेल्या वर्तुळातला उजेड), सीमॉडेल प्रत (बसवलेल्या मॉडेलचा उजेड) असे आकडे लगेच मिळतात. दूरच्या, लहान दिसणाऱ्या दीर्घिकांसाठी सेवा उत्तम. जवळच्या थोरल्यांसाठी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. कारण पेट्रोशियन प्रत द वोकुलर वळणाच्या (लंबगोल दीर्घिकांच्या नेहमीच्या उताराच्या) दीर्घिकेचा सुमारे 82 टक्केच उजेड पकडते. सीमॉडेलमधलं द वोकुलर मॉडेल 7 प्रभावी त्रिज्यांनंतर (प्रभावी त्रिज्येत अर्धा उजेड मावतो) हळूहळू शून्यावर आणलेलं असतं. वर स्लोनच्या जुन्या आवृत्त्यांत आभाळ 256 पिक्सेलच्या खिडकीतून मोजलं जाई. पिक्सेल 0.396 आर्कसेकंदाचा, म्हणजे खिडकी 101 आर्कसेकंदांची. एनजीसी 4889 च्या 50 किलोपार्सेकची त्रिज्याच 108 आर्कसेकंद! खिडकीत आभाळ कमी आणि दीर्घिकाच जास्त, मग तिचंच वलय आभाळ समजून वजा झालं तर नवल काय.

चित्रांचं मात्र तसं नाही. 2011 पासूनच्या चौकटींतलं आभाळ ब्लँटन आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीने, वस्तू झाकून आणि सगळ्या पट्ट्याचा एकत्र विचार करून काढलेलं आहे. शिवाय फिट्स फाइलच्या (खगोलचित्रांच्या नेहमीच्या फाइलच्या) तिसऱ्या भागात वजा केलेलं आभाळ जपून ठेवलेलं असतं, दुसऱ्या भागात कॅलिब्रेशन (मोजणीचं प्रमाणित उजेडात रूपांतर करणारे आकडे). चित्राला कॅलिब्रेशनने भागून ते आभाळ परत मिळवलं की मूळ मोजणी हाती येते. ही सोय फार थोड्या सर्वेक्षणांनी दिली आहे, आणि केवळ तिच्यासाठी आम्ही स्लोनला पैकीच्या पैकी गुण देऊ. लेगसी सर्व्हे या दुसऱ्या सर्वेक्षणाची चित्रं जास्त खोल आहेत, शून्यबिंदू (चित्रातल्या 1 एकक उजेडाची प्रत) स्लोनचाच, 22.5, पण पिक्सेल 0.262 आर्कसेकंदाचा. त्यामुळे पिक्सेलमधले सगळे आकडे नव्याने काढावे लागतात.

सोर्स एक्स्ट्रॅक्टर

बर्टिन आणि आर्नूट्स यांचं 1996 चं हे साधन अजूनही वेगाला तोड नाही. उबुंटूवर एका ओळीत बसतं, सबंध चौकट काही सेकंदांत चाळतं. पण मूळ सेटिंगवर थोरलीसाठी ते घातक आहे. दोष बॅक_साइझ या एका आकड्यात: मूळ किंमत 64 पिक्सेल, म्हणजे स्लोनवर 25 आर्कसेकंद. जाळीचा एकेक चौकोन दीर्घिकेच्या पोटातच बसतो आणि प्रोग्रॅम तिचा उजेड आभाळ म्हणून कापतो. खात्री करायची असेल तर चेकइमेज_टाइप बॅकग्राउंड ठेवून निघालेलं चित्र डीएस9 या चित्रदर्शकात उघडावं. मधोमध दीर्घिकेचं मऊ भूत स्वच्छ दिसतं. दीर्घिकेतून जेवढं चोरलं तेवढं सगळं तिथे असतं.

उपाय दोन. बॅक_साइझ 512 पर्यंत वाढवा, किंवा बॅक_टाइप मॅन्युअल करून बॅक_व्हॅल्यू 0 द्या आणि आभाळ स्वतः काढा. आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे. मॅग_झीरोपॉइंट मूळ 0.0 असतो तो 22.5 करायला विसरू नये. विसरलात तर निदान उत्तर इतकं हास्यास्पद येतं की चूक लगेच कळते.

डीब्लेंड_मिनकॉन्ट (चिकटलेल्या वस्तू किती बारकाईने वेगळ्या करायच्या ते) ही खरी डोकेदुखी. मूळ किंमत 0.005. वाढवली की शेजारच्या छोट्या दीर्घिका थोरलीत विलीन होतात, घटवली की थोरलीच्या वलयाचेच लचके तोडून त्यांना स्वतंत्र दीर्घिका ठरवलं जातं. गर्दीच्या केंद्रात दोन्ही बाजूंनी समाधान करणारी किंमत नसते. म्हणून या साधनाकडून मोजणी करून घेऊ नये, मास्क (नको असलेल्या वस्तू झाकणारा नकाशा) करून घ्यावा. छोट्या दीर्घिका आणि तारे कुठे आहेत ते सांगण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. फ्लॅग्जच्या रकान्यात 8 असेल तर वस्तू कडेला कापली गेली आहे. तेव्हा शेजारच्या चौकटी जोडाव्या लागतात आणि तिथे स्वार्प या चित्रं जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा सापळा असतो: सबट्रॅक्ट_बॅक मूळ 'हो' असतं. ते 'नाही' केलं नाही तर जोडणी करतानाच आभाळाबरोबर वलय निघून जातं आणि पुढे कितीही काळजी घेतली तरी ते परत येत नाही.

गॅलफिट

चिएन पेंग यांचं गॅलफिट दीर्घिकेवर गणिती वक्र बसवतं. मूळ कोड खुला नाही, तयार फाइल उतरवून चालवायची. 'ए' ते 'पी' अक्षरांच्या ओळींची एक साधी फाइल भरली की काम सुरू. एकमेकींत घुसलेल्या दीर्घिका वेगळ्या करायच्या असतील, जसं एनजीसी 6166 च्या गाभ्यात, तर याच्याइतकं कामाचं साधन नाही.

पण तीन जागी बोट भाजतं. पहिली, सिग्मा चित्र (प्रत्येक पिक्सेलची अनिश्चितता). ते दिलं नाही तर गॅलफिट हेडरमधल्या गेनवरून स्वतः बनवतं, आणि त्यासाठी चित्र मोजणीच्या एककात लागतं. स्लोनची चौकट नॅनोमॅगी या उजेडाच्या एककात असते. मग वजनं चुकतात आणि वक्र गाभ्यावर भलतंच बसतं. दुसरी, मोजदाद. इथे पिक्सेल 1 पासून सुरू होतात, पायथनमध्ये 0 पासून. कोनही तिघांचे तीन तऱ्हांचे. गॅलफिट वरच्या दिशेला 0 धरतं, सोर्स एक्स्ट्रॅक्टर आडव्या अक्षाला, आणि फोटयुटिल्स आडव्या अक्षालाच पण रेडियनमध्ये. चपटेपणाचंही तेच. गॅलफिटला लहान अक्ष भागिले मोठा अक्ष हवा, फोटयुटिल्सला 1 वजा ते गुणोत्तर.

तिसरी सगळ्यांत महाग. सर्सिक वक्राचा (उजेड बाहेरच्या बाजूला कसा उतरतो ते सांगणाऱ्या सूत्राचा) घातांक आणि आभाळ एकमेकांशी संगनमत करतात. आभाळ मोकळं सोडलं की ते किंचित खाली सरकतं, घातांक वर चढतो, प्रभावी त्रिज्या फुगते, आणि गॅलफिट तो वक्र अनंतापर्यंत बेरीज करून एकूण प्रत छापतं. घातांक 8 च्या वर गेला तर ती प्रत दीर्घिकेची नसून कल्पनेची समजावी. आभाळाचा आकडा स्वतः काढून शेजारी 0 लिहून गोठवावा, उताराचे दोन आकडेही 0 वर गोठवावेत. आणि उत्तर सांगताना एकूण प्रतीऐवजी त्याच मॉडेलचा 14.3 किंवा 50 किलोपार्सेकमधला उजेड सांगावा.

फोटयुटिल्स, आणि त्यातलं एक भोक

अ‍ॅस्ट्रोपायच्या कुटुंबातलं हे पॅकेज आमच्या कसोटीवर पहिलं येतं, एवढ्याच कारणाने की ते आपण होऊन काही वजा करत नाही. वर्तुळ द्या, बेरीज देतं. लंबवर्तुळं बसवायची असतील तर आयसोफोट (समान उजेडाच्या रेषा) भाग आहे, येड्रझेएव्स्की यांच्या 1987 च्या पद्धतीवर बांधलेला. सुरुवातीचं केंद्र आणि मोठा अक्ष हाताने द्यावा लागतो. अंदाज फार चुकला तर काहीच न बसवता कोरी यादी परत येते. त्याला घाबरू नये. मोठा अक्ष 15-20 पिक्सेल देऊन पुन्हा चालवावं. एनक्लिप मूळ 0 आहे ते 3 करावं, म्हणजे मास्कमधून सुटलेले तारे वगळले जातात.

भोक कुठे आहे ते नीट बघा. निकालाच्या तक्त्यात टीफ्लक्स_ई नावाचा रकाना असतो, लंबवर्तुळातला एकूण उजेड. मास्क केलेले पिक्सेल या बेरजेत धरलेच जात नाहीत. साध्या वर्तुळाच्या बेरजेतही मास्क दिला की तसंच होतं. थोरलीच्या अंगावर पंधरा-वीस छोट्या दीर्घिका झाकल्या, तर त्यांच्याखालचा थोरलीचा स्वतःचा उजेडही गायब होतो आणि दीर्घिका उगाच फिकी निघते. शेजारच्या एनपिक्स_ई रकान्यातली संख्या लंबवर्तुळाच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहिली की किती पिक्सेल गळाले ते कळतं. यावर उपाय म्हणजे बिल्ड_एलिप्स_मॉडेल वापरून गुळगुळीत मॉडेल बनवायचं, झाकलेल्या जागी मॉडेलचे आकडे भरायचे आणि मग वर्तुळातली बेरीज घ्यायची. मॉडेल बनायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो.

काम असं करावं

चौकट उतरवली की आधी शून्यबिंदू तपासा. जवळचा एक मध्यम तेजाचा, न भाजलेला (ज्याचे पिक्सेल उजेडाने भरून गेलेले नाहीत असा) तारा निवडून 7.43 आर्कसेकंद, म्हणजे 18.8 पिक्सेल त्रिज्येत मोजा. प्रत म्हणजे 22.5 वजा, नॅनोमॅगींच्या लॉगची 2.5 पट. स्लोनच्या यादीतल्या त्याच ताऱ्याच्या पीएसएफ प्रतीशी (ताऱ्याच्या पसरलेल्या प्रतिमेच्या आकारावरून काढलेल्या प्रतीशी) हे 0.02 च्या आत जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

मग सोर्स एक्स्ट्रॅक्टरचा मास्क. त्यावर फोटयुटिल्सने थोरलीचं पहिलं मॉडेल, ते चित्रातून वजा, आणि उरलेल्या चित्रावर पुन्हा सोर्स एक्स्ट्रॅक्टर. पहिल्या फेरीत थोरलीच्या झगमगाटात लपलेल्या छोट्या दीर्घिका आता दिसतात. त्या मास्कमध्ये घाला, मॉडेल पुन्हा बसवा. दोन फेऱ्या बहुधा पुरतात.

आभाळासाठी दीर्घिकेपासून लांब, 50 बाय 50 पिक्सेलचे दहा-बारा रिकामे चौकोन निवडून प्रत्येकाचा मध्यक काढा. या मध्यकांचा आपापसातला फरक म्हणजे आभाळातली खरी अनिश्चितता. पिक्सेलचा गोंगाट भागिले संख्येचं वर्गमूळ हा आकडा फसवा, तो नेहमीच फार लहान येतो. कोमात मात्र एका चौकटीत रिकामं आभाळच सापडत नाही. चौकटीची लांब बाजू 13.5 आर्कमिनिटं, म्हणजे तिथे जेमतेम 376 किलोपार्सेक. शेजारच्या पट्ट्यातल्या चौकटी घ्याव्याच लागतात.

शेवटी वर्तुळाचं क्षेत्रफळ आडव्या अक्षावर आणि आतला उजेड उभ्या अक्षावर मांडा. टोकाला रेघ सरळ चढतच राहिली तर आभाळ कमी वजा झालंय, वळून खाली आली तर जास्त. हा एक आलेख शंभर सेटिंगांवर भारी आहे.

प्रतीवरून खऱ्या तेजस्वितेकडे जाताना तीन कात्र्या लागतात. आपल्या आकाशगंगेतली धूळ: आर (लाल) फिल्टरसाठी लालीचा आकडा (धुळीने उजेड किती लालसर केला ते) गुणिले 2.285. कोमात हे 0.02 च्या आसपास, म्हणजे नगण्य. पर्सियसमधल्या एनजीसी 1275 साठी लाली सुमारे 0.16, म्हणून दुरुस्ती 0.37, विसरून चालणार नाही. त्याच दीर्घिकेत हायड्रोजनच्या तंतूंची लाल रेषा आर फिल्टरमध्ये पडते आणि केंद्रात सक्रिय गाभा आहे. ताऱ्यांचाच उजेड हवा असेल तर आय फिल्टर घ्यावा. दुसरी कात्री के-दुरुस्ती: ताम्रसृतीमुळे (प्रसरणाने प्रकाश लाल बाजूला सरकल्यामुळे) फिल्टरमध्ये वर्णपटाचा दुसराच भाग पडतो, त्याची भरपाई. ताम्रसृती 0.1 ला लंबगोल दीर्घिकेसाठी आर मध्ये ती ढोबळमानाने 0.1. तिसरी अंतराची. 0.1 ला अंतरमापांक (अंतरामुळे प्रत किती वाढते तो आकडा) 38.32. म्हणजे मोजलेली प्रत 15.0, धूळ 0.07, तर निरपेक्ष प्रत (सगळ्या वस्तू एकाच ठरावीक अंतरावर ठेवल्या तर दिसेल ती) उणे 23.49, सुमारे 18 हजार कोटी सूर्यांइतका उजेड.

पुण्याच्या गच्चीवरून आणि सरस्वतीकडे

स्वतःच्या दुर्बिणीने करायचंच असेल तर कोमा घ्यावा. मार्च ते मे संध्याकाळी तो वर असतो आणि पुण्याहून माथ्यापासून साडेनऊ अंशांवरून जातो. पण शहरातलं आभाळ 18 प्रतीचं धरलं तर वरच्या हिशेबातली 1 टक्क्याची चूक 16 पट होते. 14.3 किलोपार्सेकचं, म्हणजे 31 आर्कसेकंदांचं वर्तुळ जेमतेम जमेल, वलयाचं नाव काढू नये.

पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये जाहीर केलेला सरस्वती महासमूह पुणेकरांना साहजिकच खुणावतो. त्यातला एबल 2631 हा वजनदार समूह ताम्रसृती 0.28 च्या आसपास आहे आणि स्लोनच्या स्ट्राइप 82 पट्ट्यात पडतो, तिथली अनेक फेऱ्यांची एकत्रित चित्रं एका फेरीच्या चित्रांपेक्षा खूप खोल आहेत. इथे अडचण उलटी. 1 आर्कसेकंद म्हणजे 4.24 किलोपार्सेक, त्यामुळे 14.3 किलोपार्सेकची त्रिज्या साडेआठ पिक्सेलची, जेमतेम 3.4 आर्कसेकंद. वातावरणाने पसरवलेली ताऱ्याची प्रतिमाच सव्वा-दीड आर्कसेकंदाची असते, म्हणजे गाभ्याचा काही उजेड वर्तुळाबाहेर सांडतो. पृष्ठतेजातही केवळ विश्वाच्या प्रसरणामुळे 1.07 प्रतीची घट होते. या समूहासाठी 50 किलोपार्सेक, म्हणजे 30 पिक्सेलचं वर्तुळ घ्या. लहान वर्तुळच हवं असेल तर गॅलफिटला त्याच चौकटीतल्या ताऱ्यांवरून बनवलेलं पीएसएफ देऊन पसरण्याआधीचं मॉडेल मोजा.